‘तुम्ही कुणाकडचे?’ : माणसं लक्षात कशी राहतात

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरी मुंज असली, की अनोळखी पाहुण्याला पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही कुणाकडचे?’ नाव मागाहून. स्मृतीच्या शास्त्राला या क्रमाचं मोल उशिरा कळलं.

१८८५ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाचा वेग मोजला. अर्थ, ओळख, नातं त्यांनी मुद्दाम दूर ठेवलं होतं. १९२५ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस आल्ब्वाक्स यांनी उलट बाजू मांडली : आठवण कुटुंब, धर्म, वर्ग यांच्या चौकटीत टिकते.

प्रयोगांतून हे पुढे उलगडलं. १९७७ मध्ये रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना विशेषणं दाखवली. कुणाला अक्षरं मोठी आहेत का, असं विचारलं, तर कुणाला हा शब्द तुम्हाला लागू पडतो का. स्वतःशी जोडलेले शब्द सर्वांत जास्त आठवले. १९७९ मध्ये बावर आणि गिलिगन यांनी आईला लागू पडतो का, असं विचारलं, तरी आठवण तितकीच पक्की राहिली. अमेरिकेतल्या टीव्हीवरचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्याबद्दल विचारल्यावर मात्र ती घसरली. चेहरा रोज दिसला तरी पुरत नाही, जवळीक लागते.

नाव सुटतं त्याचं कारण वेगळं. ‘हे सुतारकाम करतात’ म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा डोळ्यांपुढे येतात. ‘हे सुतार’ एवढ्या आडनावाला काहीच चिकटत नाही. इंग्रजीतल्या अशाच शब्दांवर १९८७ मध्ये हा फरक दिसला.

सर्वांत उपयोगी शोध मला १९९१ चा वाटतो. फिस्के आणि सहकाऱ्यांना आढळलं, की ज्या दोघांशी आपलं नातं एकाच प्रकारचं, त्यांचीच आपण अदलाबदल करतो. आई धाकट्याला थोरल्याच्या नावानं हाक मारते, तेव्हा स्मृती बिघडलेली नसते. एकाच कप्प्यातलं दुसरं नाव हाती आलेलं असतं. म्हणून दोन चुलतजावांची ओळख एकदम झाली, तर ‘दोघी सुना’ एवढ्यावर थांबू नये. एकीचं माहेर, दुसरीचं काम पक्कं करावं आणि बोलताना एकदा नावानं हाक मारावी.

त्याच वर्षी वेगनर यांनी जोडप्यांवर प्रयोग केला. कुणी काय लक्षात ठेवायचं हे बाहेरून ठरवून दिलं, तर अनोळखी जोड्यांपेक्षा जुन्या जोड्या कमी पडल्या. त्यांची वाटणी आधीच झालेली असते : आहेर आजीकडे, पत्ते आजोबांकडे. ती वाटणी मोडू नये. मात्र आजीच्या आठवणीतले आहेर ती असतानाच वहीत उतरवून घ्यावेत.