‘टिप’ हा शब्द आद्याक्षरांचा नाही

‘टिप म्हणजे टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस, तत्पर सेवेची हमी’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पुण्यात मिसळ खाऊन बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवताना मीही तो मित्रांना ऐकवलाय. पटण्यासारखा आहे, पण खरा नाही.

पहिली शंका ‘इन्शुअर’चीच. आजच्या इंग्रजीत त्याचा नेहमीचा अर्थ विमा उतरवणं. हमीसाठी सहसा ‘एन्शुअर’ येतो. मग लघुरूप ‘टेप’ व्हायला हवं होतं! शिवाय तत्परतेसाठी पैसे आधी द्यावे लागतील, आपण देतो जेवण झाल्यावर.

महत्त्वाचं म्हणजे काळ. आद्याक्षरं जोडून शब्द बनवण्याची पद्धत इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात. ‘टिप’ मात्र सतराव्या शतकात चोर-भामट्यांच्या बोलीत ‘हळूच हाती देणे’ या अर्थानं होता. अठराव्या शतकात त्याची बक्षिसी झाली. पेन्सिलचं टोक, कलंडणं हे अर्थ वेगळे. शब्दकोश त्यांच्या नोंदीही वेगळ्या देतात. आपल्याकडेही शिंपी टीप मारतो, पुस्तकात तळटीप असते आणि पोलिसांना टीप मिळते.

पडताळायचं तर व्युत्पत्ती देणारा मोठा इंग्रजी कोश उघडा आणि शब्दाच्या पहिल्या वापराचं साल बघा.