स्टुडिओ मायक्रोफोनमधील फेरबदल : पार्श्वभूमी

स्टुडिओतील कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये फेरबदल करण्याची प्रथा सुट्या भागांच्या टंचाईतून रुजली. १९४९ साली आलेल्या, जर्मनीच्या नॉयमान कंपनीच्या यू ४७ या मायक्रोफोनचा सगळा आराखडा व्हीएफ १४ या एकाच व्हॉल्व्हभोवती, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या निर्वात नळीभोवती, बेतलेला होता. या व्हॉल्व्हचा फिलामेंट (तापणारी तार) ५५ व्होल्टचा असूनही तो मुद्दाम त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजवर तापवला जाई, आणि १०५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर फिलामेंट व प्लेट (व्हॉल्व्हचे धन टोक) या दोहोंचे काम भागे. त्यामुळे दुसरा कोणताही व्हॉल्व्ह जसाच्या तसा बसत नसे. व्हॉल्व्हचे उत्पादन थांबले, साठा संपत गेला आणि १९६०च्या दशकाच्या मध्यास मायक्रोफोनही बंद झाला. तेव्हा निर्मात्यांनीच पर्याय म्हणून न्यूव्हिस्टर हा धातूच्या आवरणाचा छोटा व्हॉल्व्ह पुढे केला. आज ज्या बदलांना मूळ रूपाशी केलेली छेडछाड म्हणून नाके मुरडली जातात, त्यांचा पहिला धडा असा कारखान्यातूनच मिळाला होता.

याच मायक्रोफोनच्या एम ७ या ध्वनी टिपणाऱ्या कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा होता. पीव्हीसीला लवचिक ठेवणारे द्रव्य काही दशकांत निघून जाते, पडदा कडक होतो आणि त्यावरचा सोन्याचा मुलामा तडकू लागतो. नंतरच्या कॅप्सूलमध्ये पॉलिस्टरचा पडदा आला. जुन्या कॅप्सूलवर नवा पीव्हीसी चढवावा की पॉलिस्टर, याबाबत दुरुस्ती करणाऱ्यांत अजूनही एकमत नाही.

सर्वांत मोठा वाद मात्र १९६०च्या यू ६७मधून निघाला. त्यातील के ६७ कॅप्सूल वरच्या पट्टीतील ध्वनीला मुद्दाम जास्त प्रतिसाद देणारी होती आणि पुढचे सर्किट ऋण प्रतिपोषणाने, म्हणजे बाहेर जाणाऱ्या संकेताचा काही भाग उलटा करून परत आत देऊन, तेवढीच वाढ कमी करीत असे. त्यासोबत व्हॉल्व्हची सळसळही दबे. कॅप्सूल आणि सर्किट हे एकाच हिशेबाचे दोन भाग होते. १९६७च्या यू ८७मध्ये व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आला, तरी हा हिशेब टिकून राहिला. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून चीनमध्ये बनलेल्या स्वस्त मायक्रोफोनांची लाट आली, तेव्हा त्यांपैकी अनेकांत कॅप्सूल के ६७च्या धर्तीची, पण सर्किट वेगळ्याच घराण्यातले, ट्रान्सफॉर्मरविरहित आणि सर्व पट्टीला समान वागवणारे होते. वाढ तशीच राहिली, ती कमी करणारा भाग गळाला, आणि गायकाचा ‘स’ कानाला टोचू लागला.

या टोचणीवर बरीच वर्षे उपाय झाले ते महागड्या कपॅसिटरांचे, म्हणजे सर्किटमधील विद्युतभार साठवणाऱ्या भागांचे. सिरॅमिक काढून फिल्म कपॅसिटर बसवल्याने ध्वनीतील विकृती काही प्रमाणात कमी होते हे खरे. पण सर्किटमधून गहाळ झालेली वरच्या पट्टीची घट त्यातून परत येत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्या काळातला बराचसा खर्च चुकीच्या जागी झाला. दुसरी बाजूही वजनदार आहे. स्वस्त कॅप्सूलमध्ये पडद्याचा ताण आणि पडद्यामागच्या धातूच्या तबकडीतील छिद्रे नगागणिक बदलत असतील, तर केवळ सर्किट सुधारून भागत नाही, असे कॅप्सूल बदलण्याच्या बाजूचे लोक म्हणतात. ज्याच्यात बदल करायचा त्याच नगाची आधी मोजणी करावी, इतके तरी दोन्ही पक्षांनी मान्य करायला हवे.

प्रत्यक्ष कामात सर्वांत नाजूक जागा कॅप्सूल आणि पहिला ट्रान्झिस्टर यांच्यामधली. तेथील रेझिस्टर साधारणपणे एक गिगाओहमच्या (शंभर कोटी ओहमच्या) घरात असतात. बोटांचा तेलकटपणा किंवा सोल्डरिंगनंतर राहिलेल्या फ्लक्सचा (जोड नीट बसावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा) थर यांतून तेवढ्याच प्रमाणात विद्युत गळती होऊ शकते आणि दमट हवेत मायक्रोफोन तडतडू लागतो. म्हणून हे जोड अनेकदा सर्किट बोर्डाला न टेकता टेफ्लॉनच्या खुंट्यांवर अधांतरी ठेवले जातात. पडद्यावर गायकाच्या थुंकीचे कण वाळलेले असले, तर मऊ कुंचला आणि ऊर्ध्वपातित पाणी वापरून ते काढावे लागतात. काही मायक्रॉन जाडीच्या पडद्यावर घासणे म्हणजे मुलामा गमावणे.

२०१८ साली यू ६७चे उत्पादन मूळ कंपनीनेच पुन्हा सुरू केले. त्यात मूळचा ईएफ ८६ हाच व्हॉल्व्ह आहे आणि तो आजही निवडून, मोजूनच घ्यावा लागतो.