स्पाइक कंपनं अडवत नाहीत

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या स्पीकरला स्पाइक, म्हणजे धातूचे टोकदार पाय, लावले की त्याची कंपनं जमिनीत निचरून जातात आणि जमिनीची मात्र वर येत नाहीत, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. धातूचा शंकू म्हणजे काही एकेरी वाहतुकीचा रस्ता नव्हे. ज्या वाटेनं कंपन खाली जातं त्याच वाटेनं वरही येतं.

स्पाइकचं खरं काम साधं आहे. जाड गालिच्यावर स्पीकर डुलतो. टोक धाग्यांतून आरपार जाऊन खालच्या कठीण जमिनीवर टेकतं आणि तो घट्ट उभा राहतो. स्पाइक फिरवून उंची कमी-जास्त करता येते, तिरकेपणा काढता येतो. (स्पाइक जागी पक्का धरणारा लॉकनट आवळायला विसरू नका, नाहीतर पाय खडखडतो आणि दोष बास वाजवणाऱ्या वूफरला दिला जातो.)

कंपनं खरोखर तोडायची तर रबर किंवा स्प्रिंगसारखं लवचीक काहीतरी लागतं, तेही वजनाला जुळणारं. स्पीकरच्या वजनाखाली असा पाय ज्या वारंवारितेला स्वतः डोलतो, तिच्या साधारण १.४ पटीच्या वरच उपयोग सुरू होतो. त्याखाली कंपन उलट वाढूही शकतं. हलक्या स्पीकरखाली कडक रबर ठेवून म्हणूनच फारसं काही साधत नाही.

काँक्रीटच्या स्लॅबवर हा सगळा वाद बराचसा फिका पडतो. लाकडी फळ्यांची पोकळ जमीन मात्र बासबरोबर स्वतःच वाजू लागते. तिथे लवचीक पाय बरे. फरशीवर स्पाइकच हवे असतील तर टोकाखाली धातूची चकती ठेवा, नाहीतर ओरखडे ठरलेले.