पाण्यातील औषधांचे अंश आणि सूक्ष्मजीवांचा बायोमास : पार्श्वभूमी

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोफिब्रेटपासून शरीरात क्लोफिब्रिक आम्ल तयार होते आणि लघवीवाटे बाहेर पडते. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ते १९७०च्या दशकातच मोजले गेले होते. पुढची पंधरा वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या भूजलात तणनाशके शोधताना ते पुन्हा हाती लागले. मेकोप्रॉप या तणनाशकाचे आणि क्लोफिब्रिक आम्लाचे रेणुसूत्र एकच आहे, म्हणून ते त्या चाचणीत दिसले. १९९८ मध्ये जर्मनीतील शुद्धीकरण केंद्रांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात अपस्मारावरच्या कार्बामाझेपिनचे प्रमाण प्रक्रियेनंतर जेमतेम ७ टक्क्यांनी घटलेले दिसले. केंद्रातल्या सूक्ष्मजीवांकडून औषधांच्या बाबतीत नेमकी काय अपेक्षा ठेवायची, हा प्रश्न तिथून गंभीरपणे घेतला जाऊ लागला.

दुसरा धागा सूक्ष्मजीवांच्या बायोमासने (जिवंत किंवा मृत पेशींच्या वस्तुमानाने) पाण्यातले धातू पकडण्याचा आहे आणि तो या विषयात थोडा अडचणीचाच ठरला. १९८१ मध्ये ऱ्हायझोपस अऱ्हायझस या बुरशीच्या एक ग्रॅम मृत बायोमासवर सुमारे १८० मिलिग्रॅम युरेनियम बसते, असे दाखवले गेले. जड धातू पकडणारी काही उत्पादने त्यानंतर बाजारात आली, पण आयन-विनिमय रेझिनच्या (पाण्यातले आयन पकडणाऱ्या कृत्रिम दाण्यांच्या) एकसारखेपणापुढे टिकली नाहीत. कार्यपद्धती मात्र मागे उरली: किण्वन कारखान्यातला टाकाऊ कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) किंवा यीस्ट घ्यायचे, धुऊन ६० अंशांवर वाळवायचे, दळून चाळायचे, सौम्य कॉस्टिक सोड्याने पृष्ठभाग मोकळा करायचा, पीएच जुळवून पाण्यात ढवळायचे, शेवटी आम्लाने धुऊन पुन्हा वापरायचे. २०००नंतर हीच कृती जशीच्या तशी औषधांना लावली गेली.

पण औषध म्हणजे धातू नव्हे. पेशीभित्तिकेवरचे कार्बॉक्सिल आणि फॉस्फेट गट उदासीन पाण्यात ऋणभारित असतात, म्हणून धन आयन तिथे सहज चिकटतात. वेदनाशामक डायक्लोफिनॅकचा पीकेए (ज्या पीएचला औषधाचे निम्मे रेणू भार घेतात तो आकडा) ४च्या आसपास आहे. पीएच ७ला ते स्वतःच ऋणभारित होते आणि बायोमास त्याला दूर लोटतो. पीएच २–३ला तेच औषध भरपूर बसते, आणि आलेखात दिसणारी उत्तम क्षमता बहुतेक वेळा तिथली असते. शहराचे सांडपाणी त्या पीएचला कोणी नेत नाही. कार्बामाझेपिनवर नेहमीच्या पीएचला भारच नसतो आणि ते फार जलद्वेषीही (पाण्यापासून दूर राहू पाहणारे) नाही, त्यामुळे त्याला धरायला जागाच सापडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची गोष्ट उलटी: पीएच ७च्या आसपास त्याच्यावर धन आणि ऋण दोन्ही भार असतात आणि ते केंद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या गाळाला घट्ट चिकटते.

सगळ्यात मोठा गुंता ‘निष्कासन’ या एका शब्दाचा आहे. मराठीत ‘शोषण’ आणि ‘अधिशोषण’ सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. औषध पृष्ठभागावर चिकटले तर ते अधिशोषण. जिवंत पेशीने ते आत घेतले तर तो जैवसंचय. विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचा रेणू बदलला तर रूपांतरण, आणि तो कार्बन डायऑक्साइडपर्यंत मोडला तरच संपूर्ण विघटन. निबंधात बहुधा एकच आकडा येतो: आत इतके, बाहेर इतके, म्हणून निष्कासन इतके टक्के. त्या टक्क्यांत या चारही गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि प्रयोगातल्या चुकाही.

मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे त्याचे सर्वात बोलके उदाहरण. केंद्रातून जाताना ते ९० टक्क्यांहून अधिक नाहीसे होऊ शकते, पण त्याचा मोठा भाग ग्वानिलयुरिया या दुसऱ्या संयुगाच्या रूपात बाहेर पडतो. कार्बामाझेपिनच्या बाबतीत आकडा ऋणही येतो, कारण शरीराने ग्लुकुरोनिक आम्ल या साखरेसारख्या रेणूशी जोडून बाहेर टाकलेला भाग जिवाणू पुन्हा सुटा करतात. येणाऱ्या पाण्यात जोडलेले रूप मोजलेच नसेल तर केंद्रच औषध तयार करते आहे असे वाटते.

अधिशोषणाचा वाटा किती, हे ठरवायला विभाजन गुणांक उपयोगी पडतो. एक किलो कोरड्या गाळावर जेवढे औषध बसते तेवढेच किती लिटर पाण्यात विरघळलेले आहे, तो हा आकडा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दुय्यम (जैविक टप्प्यातल्या) गाळासाठी तो कार्बामाझेपिनचा सुमारे १, डायक्लोफिनॅकचा १६, गर्भनिरोधक गोळ्यांतल्या एथिनिलइस्ट्राडायॉलचा ३५०च्या घरात होता. फ्लुओरोक्विनोलोन प्रतिजैविकांचा १०,०००च्या आसपास जातो. इथे एक चूक वारंवार होते. टाकीत लिटरमागे ३ ग्रॅम गाळ असतो म्हणून गुणाकारात ३ ग्रॅम धरले जातात. तो गाळ फिरत राहतो आणि आधीच भरलेला असतो. औषध बाहेर नेतो तो फक्त काढून टाकलेला जादा गाळ, म्हणजे लिटरमागे साधारण ०.२ ग्रॅम. हा आकडा धरला तर डायक्लोफिनॅकचा ०.३ टक्का, एथिनिलइस्ट्राडायॉलचा ६–७ टक्के आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा जवळपास दोन-तृतीयांश भाग गाळावाटे जातो. गुणांक ५००च्या खाली असेल तर अधिशोषणावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, आणि बहुतेक औषधे त्या रेषेच्या खालीच आहेत.

प्रयोगशाळेतही हे वेगळे काढणे सोपे नाही. तुलनेसाठी मृत बायोमास हवा, पण १२१ अंशांवर तापवला की पेशीभित्तिका फुटून नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि अधिशोषण बदलते. सोडियम अझाइड श्वसन रोखते, सगळी विकरे थांबवत नाही. म्हणून दोन्ही तुलना लावाव्या लागतात, शिवाय बायोमासविना एक बाटलीही. डायक्लोफिनॅक उजेडात मोडते, तेव्हा बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळायच्या. नायलॉनच्या गाळणीवर जलद्वेषी औषधे अडकतात आणि तेही ‘निष्कासन’ म्हणून मोजले जाते. गाळलेले पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत किंवा अपकेंद्रण (वेगाने फिरवून घन भाग तळाशी बसवणे) करावे. शेवटी बायोमास मेथॅनॉलने धुऊन त्यावरचे औषध मोजले नसेल, तर तो निष्कासनाचा आकडा ग्राह्य धरू नये.

यीस्ट अल्जिनेटच्या (समुद्री शैवालातून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत बांधण्याचे प्रयोगही वाढले. २ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये पेशी मिसळून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब सोडले की मणी घट्ट होतात आणि स्तंभात भरता येतात. फॉस्फेटचा बफर वापरला की तेच मणी मऊ पडून विरघळतात, कारण फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते. खऱ्या सांडपाण्यातही फॉस्फेट असते. शिवाय चाचण्या लिटरमागे १० ते १०० मिलिग्रॅमवर होतात, नाल्यात औषध नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅममध्ये असते. चाचणीतली पातळी खरोखर लागू पडते ती औषध कारखान्यांच्या पाण्याला. २००७ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरूच्या सामूहिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी टाकाऊ कवकजाल वापरण्याला अर्थ आहे. मात्र ते प्रतिजैविकाच्या किण्वनातले असेल तर त्यातच औषध उरलेले असते; आधी धुऊन, तपासून घ्यावे लागते.

जिवंत बुरशीचा मार्ग अधिक आशादायक आहे, असे आमचे मत. लाकूड कुजवून पांढरे करणाऱ्या बुरशीची लिग्निन मोडणारी विकरे १९८३ मध्ये ओळखली गेली. ट्रामेटेस व्हर्सिकलर या अशाच बुरशीच्या तंतूंच्या गोळ्या डायक्लोफिनॅक काही तासांत संपवतात; कार्बामाझेपिनलाही हात घालतात, तिथे पेशीतले सायटोक्रोम पी४५० हे विकर कामी येते. अट कठीण आहे: पीएच ४.५, २५ अंश आणि सतत थोडे ग्लुकोज. निर्जंतुक न केलेल्या रुग्णालयाच्या सांडपाण्यात जिवाणू ते ग्लुकोज पळवतात, गोळ्या फुटतात आणि विकरांची पातळी कोसळते. आधी किलाटन (रसायन टाकून कणांचे पुंजके करून खाली बसवणे) करून जिवाणू कमी करणे, नायट्रोजन मर्यादित ठेवणे आणि ठराविक दिवसांनी गोळ्यांचा एक भाग बदलणे यांनी आयुष्य वाढते, पण आम्लाचा आणि साखरेचा खर्च उरतोच.

धोरणाने मात्र दुसरी वाट धरली. युरोपने २०१५च्या निरीक्षण यादीत डायक्लोफिनॅक घातले आणि २०१८ मध्ये काढले. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना निर्देशक (नमुन्यादाखल मोजायच्या) पदार्थांचे ८० टक्के निष्कासन सक्तीचे केले आणि ओझोन व सक्रिय कार्बन हेच मार्ग रुळले. युरोपच्या २०२४च्या सुधारित निर्देशात चौथ्या टप्प्याची (सूक्ष्म प्रदूषक काढण्याची) प्रक्रिया दीड लाख लोकसंख्या-समतुल्य (तेवढ्या लोकांच्या सांडपाण्याइतका भार) आणि त्याहून मोठ्या केंद्रांवर आली. खर्चाचा किमान ८० टक्के भाग औषध आणि प्रसाधन उत्पादकांवर टाकला. हा निर्णय समजण्यासारखा असला तरी त्या आधीच्या जैविक टप्प्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. गाळाचे वय (तो टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते) दहा दिवसांच्या पुढे नेले की इस्ट्रोजेनांचे विघटन सुधारते. प्लास्टिक वाहकांवरचा जैवपट (चिकटून वाढलेला सूक्ष्मजीवांचा थर) डायक्लोफिनॅक तरंगत्या गाळापेक्षा वेगाने बदलतो.

चिकटलेल्या औषधाचे पुढे काय होते, याचीही नोंद आहे. गाळ पसरलेल्या शेतांच्या मातीत फ्लुओरोक्विनोलोन अनेक महिन्यांनंतरही सापडले. गाळाच्या विनाऑक्सिजन पाचनातून कार्बामाझेपिन जवळपास जसेच्या तसे बाहेर येते. त्यामुळे भरलेला बायोमास जाळायचा की धुऊन परत वापरायचा, आणि धुण्यातून निघालेले दाट द्रावण कुठे न्यायचे, हे संचाच्या आराखड्यातच ठरवावे लागते.