ओपन माईक : छापखान्याबाहेर वाढलेली कविता

कवितेच्या ओपन माईकचा नियम साधा आहे. यादीत नाव लिहायचं, पुकारा झाला की तीन-चार मिनिटांत आपली कविता म्हणायची. पुस्तक निघालंय का, हे कुणी विचारत नाही. या एका सवलतीमागे बराच इतिहास आहे.

७ ऑक्टोबर १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्गने आपली 'हाउल' ही दीर्घ कविता पहिल्यांदा लोकांसमोर वाचली. कविता भर गर्दीत, मोठ्याने ऐकायची गोष्ट आहे, हे त्या रात्रीने ठसवलं. पण तिथले कवी निमंत्रित होते. व्यासपीठ अजून सर्वांचं झालं नव्हतं.

ती वाट रुंदावली न्यूयॉर्कमध्ये. १९७३च्या सुमारास कवी मिगेल आल्गारीन यांच्या घरच्या बैठकीत पोर्तो रिकन (पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्या) वंशाचे कवी जमू लागले. त्यांच्या इंग्रजीत स्पॅनिश सहज मिसळलेली होती, आणि अशा लेखनाला प्रस्थापित प्रकाशकांकडे जागा नव्हती. घर अपुरं पडलं तेव्हा जवळच जागा भाड्याने घेतली गेली. तेच न्यूयोरिकन पोएट्स कॅफे. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. कवितेची हौस तर होतीच, पण आपली बोली आपल्याच माणसांनी ऐकावी ही निकड त्याहून मोठी होती.

शिकागोत मार्क स्मिथ या बांधकाम कामगाराने वेगळा विचार केला. श्रोते कंटाळतात, याचा दोष त्याने श्रोत्यांना दिला नाही. १९८६मध्ये ग्रीन मिल या जॅझ क्लबात त्याने 'स्लॅम', म्हणजे श्रोत्यांसमोर कविता म्हणण्याची स्पर्धा असलेला कार्यक्रम, सुरू केला. आधी ओपन माईक, मग पाहुणा कवी, शेवटी स्पर्धा, असा तिथला क्रम. पुढे स्लॅमचे नियम रुळले : श्रोत्यांतूनच निवडलेले पाच परीक्षक, शून्य ते दहा गुण, सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुण बाद. १९९०मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धाही झाली.

स्पर्धेने गर्दी आणली, हे मान्यच. तरी ओपन माईकचे गट वर्षानुवर्षं चालतात ते ठरलेल्या वारामुळे आणि त्या वारी न चुकता येणाऱ्या नेहमीच्या मंडळींमुळे. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्याचा आवाज कापतो, ओळ विसरते, तेव्हा धीर देणारी टाळी याच मंडळींची असते. यातल्या बहुतेकांनी स्वतःही तिथेच पहिली कविता म्हटलेली असते. नवख्याची दुसरी खेप बहुधा त्या टाळीवरच ठरते.