तयार रायफल की बनवून घेतलेली? नेमकेपणाचा हिशोब

मका आणि भुईमूग भरायला लागला की शिराळा, पाटणच्या डोंगरकडेच्या गावांत राखण सुरू होते. मचाणावर रात्र काढणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर हल्ली अमेरिकेतले व्हिडिओ चालू असतात. तिथला शेतकरी तीनशे मीटरवर बिळातून डोकावणारा प्रेअरी डॉग, म्हणजे खारीच्या कुळातला एक लहान प्राणी, एका गोळीत टिपतो आणि सांगतो की ही रायफल खास बनवून घेतलेली आहे, कारखान्यातून आलेलीला हे जमायचं नाही. मग पोरं विचारतात, "दादा, खरंच एवढा फरक पडतो का?"

आधी कायद्याचं बोलू. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरावर गोळी चालवायची तरी वनखात्याची परवानगी लागते. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा तिच्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत कितीही कसबी टर्नर असला तरी हे काम त्याने हातात घ्यायचं नाही. त्यामुळे तयार की बनवून घेतलेली ही निवड तिकडच्या लोकांची. त्यामागचं विज्ञान मात्र आपणही समजून घ्यावं असं आहे.

रायफलचा नेमकेपणा कोनात मोजतात. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, तीनशे मीटरवर जवळपास नऊ सेंटीमीटर. चांगली तयार रायफल आज एका मिनिटाच्या आसपासच्या पसाऱ्यात गोळ्या टाकते, मनापासून बनवलेली अर्ध्या मिनिटाच्या. प्रेअरी डॉगची रुंदी जेमतेम नऊ-दहा सेंटीमीटर. म्हणजे तीनशे मीटरवर तयार रायफलच्या गोळ्यांचा पसारा त्या प्राण्याएवढाच होतो. तिकडचे लोक अर्ध्या मिनिटासाठी का झुरतात ते इथे कळतं.

हे अर्धं मिनिट येतं कुठून? नळीच्या तोंडाकडे बघा. गोळी बाहेर पडते तेव्हा तिच्या बुडाला प्रचंड दाबाचा वायू असतो. तोंडाची कड सगळीकडून सारखी असेल तर वायू चारी बाजूंनी एकाच क्षणी सुटतो. कडेला नखाएवढीही कपची उडालेली असेल तर तो त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला किंचित ढकलतो. गोळी पहिल्याच क्षणी डुलायला लागते. म्हणून कारागीर ही कड लेथवर नळीच्या आसाशी काटकोनात धरून कापतो. काडतूस बसतं ती जागा नळीच्या आसाशी एका रेषेत आणणं, मागून ती बंद करणाऱ्या बोल्टचे दोन्ही कान सारखे टेकवणं, ही कामंही त्याच जातीची. डायल गेज लावून जॉबचं रनआउट, म्हणजे फिरताना तो किती हलतो ते, काढणाऱ्या माणसाला यातलं काहीच नवं वाटणार नाही. कारखान्याला मात्र कुठल्याही कंपनीचं काडतूस बसलं पाहिजे, म्हणून तो ती जागा थोडी सैल ठेवतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

मला स्वतःला बनवून घेण्याचं सगळ्यात पटणारं कारण नळीत आतून कोरलेल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ हे वाटतं. गोळी हवेत सरळ राहते ती स्वतःभोवती फिरते म्हणून. किती पीळ लागतो याचं सूत्र जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्ये मांडलं. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा. अमेरिकन लष्कराच्या एम-१६ रायफलीत सुरुवातीला चौदा इंचांत एक फेरा होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, त्या हवेत गोळ्या डगमगू लागल्या, आणि पीळ बारा इंचांवर आणावा लागला. बारा इंचांत एक फेरा आणि सेकंदाला ३,२४० फूट वेग धरला तर गोळी सेकंदाला ३,२४० वेळा फिरते, मिनिटाला जवळजवळ दोन लाख वेळा! तयार रायफल घेतली की कारखान्याने ठरवलेला पीळ घ्यावा लागतो. बनवून घेताना आधी गोळी ठरवता येते आणि मग तिला साजेसा पीळ.

लाकडी दस्त्याचा मुद्दा आता मागे पडलाय, पण साताऱ्याच्या वाचकाला तो लगेच कळेल. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. लाकूड दमट हवेत फुगतं, नळीला रेटतं आणि गोळीची जागा सरकते. आता नळी दस्त्याला न टेकता मोकळी ठेवतात आणि दस्ते फायबरचे करतात. बऱ्याच तयार रायफलींत हे आधीच केलेलं असतं.

आता खरा हिशोब. गोळी चुकते ती एकट्या रायफलमुळे नाही. वारा असतो, नेम धरणाऱ्याचा श्वास असतो. ५५ ग्रेन, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाची, पॉइंट २२३ जातीच्या काडतुसाची गोळी पावणेतीनशे मीटरवर जाईपर्यंत ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला सुमारे पाव मीटर सरकवतो. वाऱ्याच्या अंदाजात पाच किलोमीटरची चूक झाली की आठ सेंटीमीटर गेले. या स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. रानाच्या दोन काटकोनी बांधांवरून चालण्याऐवजी कर्णाने आडवं गेल्यावर अंतर जसं कमी भरतं, तशी त्यांची बेरीज होते, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं.

समजा रायफलची चूक आठ सेंटीमीटर, वाऱ्याची आठ, आणि गुडघा टेकून नेम धरणाऱ्या माणसाची बारा. एकूण साडेसोळा. रायफल दुप्पट नेमकी करून तिची चूक चारवर आणली तर एकूण पंधरा. एवढा खर्च करून दीड सेंटीमीटर! पण तोच माणूस वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून, वारा पडलेला असताना बसला, त्याची चूक तीन आणि वाऱ्याची तीन झाली, तर तयार रायफलचे नऊ आणि बनवून घेतलेलीचे सहाच्या आत. टेबलावर बसून दिवसभर प्रेअरी डॉग टिपणाऱ्याला कारागिराचं बिल वसूल होतं. रानोमाळ हिंडणाऱ्याला होत नाही. त्याने ते पैसे सरावाच्या काडतुसांवर घालावेत असं माझं ठाम मत आहे.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या पातळीवरच्या रायफलीही सहसा नामांकित कारखान्यांच्याच असतात. नेमबाज त्या आपल्या अंगाला बसतील अशा जुळवून घेतात आणि काडतुसांचा प्रत्येक लॉट तपासून निवडतात.

आपल्या उसाच्या रानात रानडुक्कर दिसतं ते तीस-चाळीस मीटरवर, अंधारात. चाळीस मीटरवर एक मिनिट म्हणजे बारा मिलिमीटर, तिथे अर्ध्या मिनिटाचा प्रश्नच येत नाही. शिवाय त्या व्हिडिओंतल्या गोळ्या पातळ कवचाच्या असतात, लहान प्राण्यात शिरताच फुटाव्यात म्हणून. डुकराच्या खांद्यावरच्या जाड कातडीत ती वरच्यावर फुटते आणि जनावर जखमी होऊन उसात घुसतं. नेम चुकला तर रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि आपल्याकडे तेवढ्या टप्प्यात एखादी तरी वस्ती असतेच.

आणि नेमकेपणाचा पुरावा म्हणून कुणी तीन गोळ्यांचा कागद दाखवला तर त्यावर विसंबू नका. गोळ्या जितक्या जास्त, तितका पसारा वाढतो, तो संख्याशास्त्राचा नियमच आहे. त्याच रायफलने दहा गोळ्या झाडल्या तर सरासरीने तो तीन गोळ्यांच्या सुमारे दीडपटीहून थोडा जास्त भरतो. तीन गोळ्यांत अर्धं मिनिट दाखवणारी रायफल दहा गोळ्यांत पाऊण मिनिटाच्या पुढे जाते, मग ती कुणीही बनवलेली असो.