फ्रान्समधील राजाश्रयी अकादम्या

सतराव्या शतकात फ्रेंच राजसत्तेने भाषा, कला आणि विज्ञान यांसाठी सनदा देऊन स्थापन केलेल्या विद्वत्संस्था. त्यांतील पहिलीचा उगम मात्र दरबारात नाही, एका घरातल्या बैठकीत आहे. १६२९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हालाँतँ काँरार याच्याकडे काही साहित्यिक मित्र जमून एकमेकांचे लेखन ऐकत. हे राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्य याच्या कानी गेले व त्याने या मंडळाला राजमान्यता देऊ केली. बैठकीतला मोकळेपणा जाईल म्हणून काही जण नाखूश होते, पण रिशल्यला नकार देणे सोपे नव्हते. १६३५ मध्ये तेराव्या लुईच्या सनदेने ‘आकादेमी फ्राँसेझ’ स्थापन झाली.

तिच्या चाळीस सदस्यांना ‘अमर’ म्हणतात. कोश रचून भाषेला शिस्त लावणे हे तिचे मुख्य काम. कोशाची पहिली आवृत्ती निघाली १६९४ मध्ये, स्थापनेनंतर ५९ वर्षांनी. दरम्यान आंत्वान फ्युरत्येर या सदस्याने स्वतःचा कोश तयार केला. फ्रेंच कोशाचा एकाधिकार आपला आहे, असे म्हणत अकादमीने १६८५ मध्ये त्याला काढून टाकले. त्याचा कोश त्याच्या मृत्यूनंतर, १६९० मध्ये, हॉलंडमध्ये छापला गेला. सनदेने मान दिला, तशी मक्तेदारीही दिली, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

चित्रकारांना सनद हवी होती ती वेगळ्या कारणाने. पॅरिसमध्ये चित्रकार व शिल्पकार कारागिरांच्या व्यवसायसंघाच्या नियमांत अडकले होते. आपली कला ही बुद्धीची विद्या आहे, नुसती कारागिरी नव्हे, हा चित्रकार शार्ल ल ब्रँ आणि त्याच्या सोबत्यांचा दावा होता. त्यातून १६४८ मध्ये चित्र-शिल्प अकादमी निघाली. तिने १६६७ पासून भरवलेली प्रदर्शने पुढे लूव्र राजवाड्यातील दालनावरून ‘सालाँ’ म्हणून प्रसिद्ध झाली. नृत्य (१६६१), ऑपेरा (१६६९) व वास्तुकला (१६७१) यांच्याही अकादम्या चौदाव्या लुईच्या काळात निघाल्या.

विज्ञान अकादमीची स्थापना कोल्बेर या मंत्र्याने केली. तिची पहिली बैठक २२ डिसेंबर १६६६ रोजी राजाच्या ग्रंथालयात झाली. सदस्यांना वेतन मिळे. हायगेन्स हा डच शास्त्रज्ञही त्यांत होता. पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी तिने १७३५ मध्ये विषुववृत्ताकडे व १७३६ मध्ये लॅपलँडला मोहिमा पाठवल्या. सर्वांत करुण कथा तिचा खगोलशास्त्रज्ञ सदस्य गिय्योम ल झाँती याची आहे. शुक्राचे अधिक्रमण (सूर्यबिंबासमोरून शुक्राचे सरकणे) पाहण्यासाठी तो पुदुच्चेरीला निघाला, पण इंग्रजांशी युद्ध सुरू असल्याने १७६१ चे अधिक्रमण त्याला हेलकावणाऱ्या जहाजावरूनच पाहावे लागले, मापनाला ते निरुपयोगी. पुढच्या संधीसाठी तो आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला. १७६९ मध्ये पुदुच्चेरीत सगळी तयारी झाली आणि ऐन वेळी आभाळ भरून आले. मायदेशी परतला, तेव्हा तो मेला असे समजून त्याची अकादमीतली जागाही दुसऱ्याला दिली गेली होती.

क्रांतिकाळात हा राजाश्रयच अकादम्यांच्या मुळावर आला. रसायनशास्त्रज्ञ लव्हाझ्येने विज्ञान अकादमी वाचवण्याची धडपड केली, तरी ८ ऑगस्ट १७९३ रोजी ‘नॅशनल कन्व्हेन्शन’ या क्रांतिकालीन संसदेने सगळ्या राजाश्रयी अकादम्या बरखास्त केल्या. दोन वर्षांनी, १७९५ मध्ये, ‘ॲंस्तित्यु द फ्राँस’ उभी राहिली आणि १८१६ मध्ये तिच्या विभागांना अकादमी हे नाव परत मिळाले. स्त्रियांसाठी दार फार उशिरा उघडले. चित्र-शिल्प अकादमीने १६६३ मध्ये पहिली स्त्री सदस्य घेतली होती, पण आकादेमी फ्राँसेझमध्ये पहिली स्त्री, लेखिका मार्गेरित युर्सनार, निवडली गेली ती १९८० मध्ये.